धालोचा मांड, खाणीची धूळ आणि पणजीहून आलेला प्रस्ताव: होकार द्यावा का?

वायंगण (डिचोली तालुका, गोवा) यांचा प्रश्न:

नमस्कार. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गाव खाणीच्या रस्त्याला लागून. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते घरातलं आणि वाड्यावरचं आहे.

आमच्याकडे पौषात धालो होतात, म्हणजे बायकांची रात्रीची गाणी आणि नाच. मांड, म्हणजे धालो खेळायची जागा, आमच्याच अंगणात, आणि पहिलं पद सासूबाई उचलतात. बायका समोरासमोर दोन ओळी करून रात्री उशिरापर्यंत गातात. शेवटच्या रात्री सोंगं निघतात. एरवी डोक्यावरचा पदर न सोडणारी बाई त्या रात्री पुरुषाचा शर्ट चढवून भाटकार (जमीनदार) होते, पोलीस होते, आणि तिला कोणी अडवत नाही.

उन्हाळ्यात पणजीहून नाट्यप्रशिक्षण देणारी एक जोडी आली, बरोबर एक कॅमेरावाला. वाड्यावरच्या बायकांबरोबर कार्यशाळा घ्यायची, धालोची आणि फुगडीची पदं घेऊन खाणीने गावाचं काय केलं ते मांडायचं, डिसेंबरात पणजीत प्रयोग करायचा आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, असा त्यांचा प्रस्ताव आहे. माणसं चांगली आहेत, हे मनापासून सांगते. आमच्याबरोबर जमिनीवर बसून पेज जेवली, प्रश्न कमी विचारले, ऐकलं जास्त.

त्यांनी खर्चाचा कागदही उघडपणे दाखवला. प्रशिक्षकांना मानधन, कॅमेऱ्याचं भाडं, प्रकाशयोजना, संपादन, आणि बायकांपुढे ‘प्रवास व चहापान’. सासूबाईंनी तो मला दोनदा वाचायला लावला आणि मग एवढंच विचारलं, ‘आमकां कितें मेळटलें?’ त्या पैशांबद्दल बोलत होत्याच, पण तेवढ्यावरच थांबत नव्हत्या असं मला वाटतं.

माझी अडचण अशी. खाण जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेली की ते पाणी पंपाने उपसून बाहेर टाकतात आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. आमच्या वरच्या वाड्यावर तेच झालं. पावसात डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यावरची माती व्हाळात (ओढ्यात) उतरते आणि शेतात गाळ बसतो. सासूबाईंच्या माहेरची वायंगण शेती (पावसाळ्यानंतरचं भात) अशीच गेली. पण आमच्याच मांडावर ट्रकवाल्यांच्या घरच्या बायकाही आहेत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, आणि 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं तेव्हा मार्चपासून पुन्हा बंद. दोन्ही वेळा दारात उभ्या ट्रकांचे हप्ते चालूच होते आणि बायकांच्या अंगावरचं सोनं बँकेत गेलं. आता लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होताहेत. विहीर आटलेली बाई आणि ट्रकाचा हप्ता भरणारी बाई एकाच ओळीत हात धरून उभ्या असतात. ‘खाणीविरुद्ध नाटक’ असं म्हटलं की ती ओळ तुटते.

आणि तिसरी गोष्ट माझ्या मोठ्या जावेची. तिच्याइतकी पदं पंचक्रोशीत कुणाला येत नाहीत. पण मोठे दीर वारल्यापासून ती ओळीत उभी राहत नाही. राहायचं नाही अशी आमच्या मांडाची रीत. ती पडवीत बसते आणि कुणी कडवं विसरलं की तिथून शब्द सांगते. अख्खी रात्र. पणजीच्या पाहुण्यांनी तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, ही प्रयोगात मध्यभागी हवी. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

मला हे काम व्हायला हवं आहे. कलेतून माणसं बोलती होतात हे मी वर्गात रोज पाहते. पण न्यायाचं नाटक करताना आमच्याच बायकांवर अन्याय होऊ नये यासाठी आधी काय ठरवून घ्यावं? ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

पडद्यामागे (फोंडा):

बाई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. जत्रेतली नाटकं बसवण्यात माझा जन्म गेला, आणि गेली काही वर्षं मी गावागावांत ‘फोरम थिएटर’ करतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी मांडाचं. मांडावरची पदं मांडावरच राहू देत. ज्या पदाने देवाला हाक मारायची ते पद पणजीच्या रंगमंचावर, तिकीट काढून आलेल्यांपुढे म्हणणं तुमच्यातल्या अर्ध्या बायकांना रुचणार नाही, आणि त्या नाही म्हणायला संकोचतील. पण तुम्हीच लिहिलंय की शेवटच्या रात्री सोंगं निघतात. तुमचं नाटक तिथे आधीच तयार आहे! भाटकाराची, पोलिसाची नक्कल ज्या बाईला येते तिला कंत्राटदाराची, पंचाची, बँकेच्या वसुलीवाल्याची यायला कितीसा वेळ लागणार? पणजीच्या मंडळींना सांगा, तुम्ही आमच्या सोंगांच्या रात्रीकडून शिका आणि आम्ही तुमच्याकडून रचना शिकतो. याला मी सहकार्य म्हणेन.

आता ओळ तुटण्याची भीती. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात फोरम थिएटरची जी पद्धत घडवली ती नेमकी इथे उपयोगी पडते. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था 1985 पासून खेड्यापाड्यांतून हे काम करते आहे. छोटा प्रसंग करायचा, दहा-पंधरा मिनिटांचा, आणि तो वाईट ठिकाणी संपवायचा. उत्तर द्यायचं नाही. मग सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो: इथे हिने काय करायला हवं होतं? कुणी सूचना केली की त्याला बसल्या जागेवरून बोलू द्यायचं नाही, उठून त्या बाईच्या जागी उभं करायचं आणि प्रसंग पुन्हा खेळायचा. समोरची पात्रं सहजासहजी मान तुकवत नाहीत. कंत्राटदार कंत्राटदारासारखाच वागतो. एक नियम मी कधी मोडत नाही: बदलायचं ते ज्याच्यावर अन्याय होतो त्या पात्राला. कंत्राटदाराला अचानक चांगला करून टाळ्या घ्यायच्या नाहीत. तसं झालं की सगळे खूश होऊन घरी जातात आणि विहीर तशीच कोरडी राहते.

तुमच्या गावासाठी मी दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवीन. एकात बाई कळशी घेऊन टँकरची वाट बघते. दुसऱ्यात बाई बँकेत बांगड्या ठेवते. दोघी एकाच मांडाच्या. टँकरची वाट बघणाऱ्या बाईच्या जागी ट्रकवाल्याच्या घरची बाई उभी राहिली आणि उलटही झालं, तर लोक जे बोलतील ते कुठल्याच सभेत बोलणार नाहीत. हे मी पाहिलेलं आहे, एका गावात पाटाच्या पाण्यावरून दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नव्हती तिथे. भांडण मिटलं नाही. पण पाणी सोडायची वेळ दोघांनी बसून ठरवली.

म्हणून पहिला प्रयोग गावात. पणजी नंतर, आणि जायचं की नाही ते गावातल्या प्रयोगानंतर बायकांनी ठरवायचं. पहिल्याच दिवशी पणजीची तारीख ठरली की सगळी तालीम त्या तारखेकडे पळते आणि गावातला प्रयोग रंगीत तालीम होऊन बसतो.

जावेबद्दल एकच सांगतो. थोर गायिका केसरबाई केरकर आमच्या फोंड्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. त्या ज्या कलावंत समाजातून आल्या त्यातल्या बायकांचं गाणं देवळाला हवं होतं, घरच्या समारंभांना हवं होतं, आणि त्याच बायकांना बरोबरीचा मान मिळवायला पिढ्या झगडावं लागलं. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी त्यात आयुष्य घातलं. गळा हवा आणि माणूस बाहेर, ही गोष्ट गोव्याला नवी नाही. पडवीतून शब्द सांगणाऱ्या तुमच्या जावेचं वाचलं तेव्हा मला तेच दिसलं.

वकील_म्हापसा:

मी कागदाचं सांगते, कारण चांगल्या माणसांबरोबरच कागद करायचा राहून जातो.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग सादर करणाऱ्याला स्वतंत्र हक्क आहेत, कलम 38 आणि त्यापुढची. गाणारी, नाचणारी, नट, कसरत करणारा, अगदी गारुडीसुद्धा त्या व्याख्येत येतो. धालो गाणाऱ्या बायका नक्कीच येतात. हा हक्क 50 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने त्यात नैतिक हक्कही आले: सादर करणारी म्हणून आपलं नाव लागलं पाहिजे, आणि सादरीकरणाची मोडतोड करून आपली बदनामी होत असेल तर रोखता आलं पाहिजे.

तीन ठिकाणी जपून पावलं टाका.

पहिलं, चित्रीकरणाला लेखी संमती दिली की त्या चित्रफितीतल्या वापराला नंतर हरकत घेता येत नाही. व्यावसायिक वापर झाला तर मोबदल्याचा हक्क मात्र राहतो. तेव्हा संमतीपत्रात ‘कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर खोडायला लावा. कुठे दाखवणार, किती काळ, पुन्हा कुणाला देणार, हे लिहून घ्या. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

दुसरं, चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आहे आणि श्रेयनामावलीत ज्याचं नाव येत नाही अशा माणसाला कायदा बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानत नाही. त्यामुळे नावं म्हणजे केवळ मानपान समजू नका. प्रत्येक बाईचं पूर्ण नाव श्रेयनामावलीत आलं पाहिजे. ‘ग्रामस्थ महिला’ एवढ्यावर राजी होऊ नका. आणि जाऊबाई पडवीतून शब्द सांगत असतील तर त्यांचंही नाव.

तिसरं थोडं कटू आहे. पारंपरिक पदाचा कुणी एक लेखक नसतो, म्हणून पदाच्या शब्दांवर तुमचा कॉपीराइट नाही. उद्या कुणी तेच पद ऐकून लिहून घेतलं आणि आपल्या गायिकेकडून गाऊन घेतलं तर या कायद्याने तुम्ही अडवू शकणार नाही. जी पदं बाहेर जाऊ नयेत असं सासूबाईंना वाटतं ती करारात लिहून ठेवा, आणि त्याहून सोपं म्हणजे कॅमेऱ्यासमोर म्हणूच नका.

पैशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रशिक्षकाला मानधन आहे तर बायकांनाही मानधन. तालमीच्या दिवसाचंही, कारण त्या दिवशी काजू वेचायचे राहतात किंवा रोज बुडतो. आपल्या बायका चहावर खूश असतात हे मी फार वेळा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते मानधन घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. रक्कम स्वयंसहाय्य गटाच्या खात्यात न घालता ज्या त्या बाईच्या खात्यात जावी.

धारबांदोड्याहून:

वायंगणताई, मोलेचं जंगल वाचवण्याच्या आंदोलनावेळी मी चित्रं चिकटवत आणि पत्रं गोळा करत फिरत होतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

2020 मध्ये टाळेबंदी असताना भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांचा विषय पेटला: 400 केव्हीची वीजवाहिनी, महामार्गाचं चौपदरीकरण आणि रेल्वेचा दुसरा मार्ग. बाहेर पडता येत नव्हतं तेव्हा चित्रकार मुलामुलींनी जंगलातली फुलं, साप, बेडूक काढायला सुरुवात केली. ती चित्रं फलकांवर गेली, मास्कवर गेली. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरला हजारो लोक रेल्वेच्या रुळांपाशी जमले तेव्हा गाणी होती, मेणबत्त्या होत्या, हातात हीच चित्रं होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. उरलेल्या दोन प्रकल्पांचं तसं झालं नाही.

चित्रांनी खटला जिंकला असं मी म्हणणार नाही. शास्त्रज्ञांनी कागद तपासले, वकिलांनी न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीपुढे मुद्दे मांडले, तिने एप्रिल 2021 च्या अहवालात रेल्वेला विरोध केला. चित्रांनी केलं ते असं की ज्याला पर्यावरण आघात अहवाल वाचता येत नाही त्यालाही आपण कशाबद्दल बोलतोय ते कळलं. पण त्या चित्रांना जायला पत्ता होता. अमुक समिती, अमुक तारीख, अमुक मागणी.

तुमच्या नाटकाला असा पत्ता आहे का? नसेल तर सुचवतो. 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज निधी आला. खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरायचे आणि ते बाधित भागावर खर्च व्हायचे. पिण्याचं पाणी त्यातल्या अग्रक्रमाच्या विषयांत आहे. वरच्या वाड्याच्या पाण्याची मागणी आणि ट्रक बंद पडल्यावर दुसरा धंदा शिकण्याची मागणी, दोन्ही तिथे करता येतात. दोन्हींसाठी तुमच्या ओळीतल्या बायका एकाच अर्जावर सही करू शकतात. गावातल्या प्रयोगाच्या शेवटी लोक जे सुचवतील ते तिथल्या तिथे लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. बोआल रिओच्या नगरपालिकेवर निवडून आले होते तेव्हा त्यांनी असंच केलं, लोकांच्या नाटकांतून निघालेल्या मागण्यांचे 13 कायदे झाले.

काणकोणची:

मी लांब लिहीत नाही. मी स्वतः विधवा आहे.

जावेला मध्यभागी उभं करायचं असं पाहुण्यांनी ठरवलं, मांडाबाहेर बसायचं असं रीतीने ठरवलं. तिला कुणी विचारलं का? तुमच्या प्रश्नात तिचं एक वाक्यसुद्धा नाही, बाय.

कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण ते गावाने आपल्या तोंडाने म्हटलं. तुमचंही तसंच व्हावं. पणजीच्या रंगमंचावर तिला फुलं माळायला लावायची आणि पौषात पुन्हा पडवीत बसवायची, असं होणार असेल तर ते नाटक करू नका. आधी अंगणात ओळीत घ्या. त्याला प्रशिक्षक लागत नाही, कॅमेरा लागत नाही. सासूबाईंनी हात पुढे केला की झालं.

वायंगण:

सगळ्यांचे मनापासून आभार. काणकोणच्या ताईंचं वाचलं आणि त्याच संध्याकाळी जावेकडे गेले. ती काजूच्या बिया सोलत होती. तुला काय वाटतं असं विचारल्यावर बराच वेळ सोलतच राहिली. मग म्हणाली, माझ्यावर नाटक नको. मला कंत्राटदार करायचाय. आणि त्याचं चालणं, फोन कानाला लावून गडग्यावर (दगडी कुंपणावर) पाय ठेवून बोलणं, तिथेच बसल्या बसल्या करून दाखवलं. मी हसून हसून लोळले. इतकी वर्षं तिच्यात हे होतं.

दुसऱ्या दिवशी घरात तुमची उत्तरं मोठ्याने वाचली, सासूबाई, जाऊ, ट्रकवाल्यांच्या घरच्या दोघी आणि वरच्या वाड्यावरच्या काही बायका होत्या. खनिज निधीचं कुणालाच नीट माहीत नव्हतं. ट्रकवाल्यांच्या घरातल्या एकीने विचारलं की हप्त्याचा प्रसंग खरंच घेणार का, की तोंडदेखलं. घेणार असं ठरलं, आणि तो तीच लिहून देणार आहे. मांडाची पदं द्यायची नाहीत हे सासूबाईंनी दोन शब्दांत संपवलं. फुगडीची चालेल, म्हणाल्या.

ओळीत उभं राहण्याबद्दल त्या अजून काही बोललेल्या नाहीत. मी विषय काढला तेव्हा उठून आत गेल्या. त्याच रीतीत त्यांचीही हयात गेली आहे, आणि त्यांना माझ्यापेक्षा ते जास्त जड जातंय हे मला दिसतं. पौषापर्यंत वेळ आहे. मी हा विषय सोडणार नाही, आणि जाऊ ओळीत येईपर्यंत मीही तिच्याबरोबर पडवीतच बसेन असं त्यांना सांगितलं आहे.

पणजीच्या मंडळींना आज पत्र पाठवते: पहिला प्रयोग गावात, मानधन प्रत्येकीच्या खात्यात, नावं पूर्ण, आणि पणजीचा निर्णय नंतर. वकीलताई, एक विचारायचं राहिलं. करार मराठीत केला तर चालतो ना? आमच्यातल्या दोघी-तिघी अंगठा लावतात.

वकील_म्हापसा:

मराठीत चालतो. मराठीतच करा. अंगठाही चालतो, फक्त मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि समजला असं खाली लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. साक्षीदार पणजीच्या मंडळींपैकी नसावेत. मसुदा तयार झाला की मला निरोपातून पाठवा, पैसे घेणार नाही. आणि गावातला प्रयोग कधी आहे ते कळवा, मला यायचंय.